ट्रॉफी व्हाइटटेल: मोठ्या शिंगांचे नर कोणत्या प्रदेशात तयार होतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आणि कॅनडात राहणारे मराठी वाचक हे प्रश्न सतत पाठवतात. काहींनी शिकारीचं लायसन्स नुकतंच काढलेलं असतं, काहींनी जमीन घेतलेली असते, काहींना फक्त ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या गप्पा समजून घ्यायच्या असतात. सुरुवातीला मूलभूत प्रश्न आहेत, अडचणीचे अपवाद शेवटी आहेत.

१. व्हाइटटेल म्हणजे कोणतं हरीण? आणि ट्रॉफी कशाला म्हणायचं?

शेपटीची खालची बाजू पांढरी असलेलं, पळताना ती उभारून दाखवणारं उत्तर अमेरिकेतलं हरीण. शास्त्रीय नाव ओडोकॉइलियस व्हर्जिनियानस. कॅनडाच्या दक्षिण भागापासून थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत ते आढळतं. शिंगं फक्त नराला येतात आणि दरवर्षी गळून नव्याने येतात.

ट्रॉफीची सरकारी व्याख्या नाही. व्यवहारात दोन संस्थांची किमान मर्यादा धरतात. १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या कायमच्या यादीत जायला टिपिकल शिंगांना १७० आणि नॉन-टिपिकलला १९५ गुण लागतात (गुण म्हणजे काय ते प्रश्न २ मध्ये, हे दोन वर्ग प्रश्न ३ मध्ये). तीन वर्षांच्या पुरस्कार यादीसाठी हेच आकडे १६० आणि १८५ आहेत. धनुष्यबाणाच्या शिकारीसाठी पोप अँड यंग क्लब १२५ आणि १५५ धरतो. क्रॉसबोने मारलेला नर पोप अँड यंगला चालत नाही, बून अँड क्रॉकेटला चालतो.

२. गुण कसे मोजतात? मित्र "१५०चा नर" म्हणतो, म्हणजे काय?

इंचांची बेरीज, इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजलेली. प्रत्येक बाजूचा मुख्य दांडा, त्यावरचे फाटे, दांड्याचे चार ठिकाणचे घेर, आणि दोन दांड्यांमधलं आतलं अंतर. हे अंतर लांब दांड्यापेक्षा जास्त भरलं तर दांड्याच्या लांबीइतकंच धरतात. फाटा मोजायचा तर तो किमान एक इंच लांब हवा आणि रुंदीपेक्षा लांबी जास्त हवी.

एक उदाहरण घ्या. उजवा दांडा २४ इंच, फाटे ५, १०, ९, ५, घेरांची बेरीज १६ ४/८: एकूण ६९ ४/८. डावा दांडा २३, फाटे ५, ९, ९, ४, घेर तितकेच: एकूण ६६ ४/८. आतलं अंतर १८. सगळं मिळून १५४. हा झाला ग्रॉस स्कोअर. आता दोन्ही बाजूंमधला फरक वजा करा: दांड्यात १, दुसऱ्या फाट्यात १, चौथ्यात १. नेट स्कोअर १५१.

याच नराचा डावीकडचा ९ इंची फाटा झुंजीत ५ इंच तुटला, तर नुकसान ५ चं होत नाही, १० चं होतं. लांबी ५ ने घटते आणि फरकही ५ ने वाढतो. म्हणून कोणी आकडा सांगितला की ग्रॉस की नेट, हे आधी विचारा. आउटफिटरच्या, म्हणजे पैसे घेऊन शिकार घडवणाऱ्या व्यावसायिकाच्या, जाहिरातीतला आकडा बहुधा ग्रॉस असतो, रेकॉर्डमधला नेट.

अधिकृत मोजणी शिकारीनंतर ६० दिवस शिंगं वाळल्यावरच होते. ओल्या शिंगांचा आकडा थोडा घटतो, त्यामुळे १७० च्या काठावरच्या नरावर आधी पैज लावू नका.

३. टिपिकल आणि नॉन-टिपिकल यात कोणता "मोठा"?

तुलना करायचीच नाही, वर्ग वेगळे आहेत. टिपिकलमध्ये वेड्यावाकड्या जागी आलेले फाटे वजा होतात, नॉन-टिपिकलमध्ये त्यांची बेरीज होते. वरच्या नराला २ इंचांचा एक जादा फाटा असता तर टिपिकलमध्ये १४९ आणि नॉन-टिपिकलमध्ये १५३ गुण मिळाले असते. विक्रमही त्यामुळे दोन आहेत. टिपिकलचा विक्रम २१३ ५/८, सस्कॅचवानमधल्या बिगर गावाजवळ नोव्हेंबर १९९३ मध्ये मिलो हॅन्सन यांनी मारलेल्या नराचा. नॉन-टिपिकलचा ३३३ ७/८, मिसूरीतला, १९८१ मध्ये सेंट लुइस काउंटीत मेलेल्या अवस्थेत सापडलेला.

४. शिंगं मोठी कशामुळे होतात? प्रदेश, खाणं की वाण?

तीन गोष्टी: वय, आहार आणि वाण. महत्त्वही याच क्रमाने. प्रदेशांची तुलना करताना लोक नेमकी उलटी सुरुवात करतात, "तिथलं रक्तच वेगळं" म्हणतात, आणि तिथेच चुकतात.

वयाचा हिशोब ढोबळमानाने असा. दीड वर्षाच्या नराची शिंगं त्याच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम शिंगांच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असतात. अडीच वर्षांना साधारण ६० टक्के, साडेतीनला ७५ ते ८०, साडेचारला ९० च्या आसपास, आणि कमाल साडेपाच-साडेसहाला. म्हणजे ज्या प्रदेशात बहुतेक नर दीड वर्षाचे असतानाच मारले जातात, तिथे माती सोन्याची असली तरी भिंतीवर लावण्याजोगं डोकं निघणार नाही.

आहार दुसरा. शिंगांची वाढ एप्रिलच्या सुमारास सुरू होते, मखमली कातडीखाली ऑगस्टपर्यंत चालते, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला कातडी सोलली जाते. वाढीच्या दिवसांत आहारात साधारण १६ टक्के प्रथिनं लागतात. खनिजांसाठी नर स्वतःच्या बरगड्यांतलं कॅल्शियम आणि फॉस्फरस उसनं घेतो आणि नंतर खाण्यातून भरून काढतो. वसंतात नर अशक्त असेल तर आधी शरीर सावरतं, शिंगांना उरलंसुरलं मिळतं.

वाण तिसरं. ते महत्त्वाचं आहे, पण मोकळ्या रानात ते माणसाच्या हातात नाही (प्रश्न १३ पाहा).

५. मग सर्वांत चांगला प्रदेश कोणता? सरळ उत्तर द्या.

मोकळ्या रानातला प्रौढ, १६० च्या वरचा नर दर चौरस किलोमीटरमागे सापडण्याची शक्यता पाहिली, तर आयोवाचा दक्षिण भाग, इलिनॉयचा पश्चिम भाग आणि विस्कॉन्सिनचा नैर्ऋत्य डोंगराळ पट्टा. अंगानेही दांडगा नर हवा असेल तर सस्कॅचवान आणि अल्बर्टा. मोठं खासगी रान आणि काटेकोर व्यवस्थापन पाहायचं असेल तर दक्षिण टेक्सास. पण टॅग (हरीण मारायचा परवाना) दरवर्षी मिळणं, खर्च आणि जमिनीवर प्रवेश हे सगळं धरलं, तर बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या सामान्य माणसाला आम्ही ओहायो आणि केंटकी सुचवतो.

६. आयोवाचं एवढं नाव का आहे?

कारण तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत, आणि त्यातली सर्वांत मोठी गोष्ट कायद्याने घडवलेली आहे.

आधी जमीन. मिसिसिपी आणि मिसूरी या दोन नद्यांच्या मधला हा प्रदेश. हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली लोएस माती, वर गवताळ रानाने हजारो वर्षांत तयार केलेला काळा थर. उन्हाळ्यात सोयाबीनचा कोवळा पाला प्रथिनं देतो, हिवाळ्यात कापणीनंतर शेतात पडलेला मका ऊर्जा देतो. राज्याच्या दक्षिणेकडे शेतांच्या मधून ओढे, ओकची झाडी आणि पडीक गवत आहे, त्यामुळे खाणं आणि लपण दोन्ही एकाच टापूत मिळतं. उत्तर-मध्य आयोवात माती त्याहूनही सुपीक आहे, पण कापणी झाली की क्षितिजापर्यंत आडोसा नाही, म्हणून तिथे हरणं कमी. नुसती माती पुरत नाही ते इथे दिसतं.

आता कायदा. मध्य-पश्चिमेत माजाचा जोर नोव्हेंबरच्या मध्यावर असतो. त्या दोन-तीन आठवड्यांत प्रौढ नर दिवसाढवळ्या, बेसावध, मादीच्या मागे फिरतो. आयोवात तेव्हा फक्त धनुष्यबाण चालतो. बंदुकीचा मुख्य हंगाम डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो, तोवर नर पुन्हा सावध झालेला असतो. शिवाय लांब पल्ल्याच्या बाटलीच्या आकाराच्या काडतुसांच्या नेहमीच्या रायफली या हंगामात चालत नाहीत. शॉटगन, मझललोडर (तोंडाकडून भरायची बंदूक) किंवा सरळ नळीच्या काडतुसाची बंदूक लागते. परिणाम असा की अडीच वर्षांचा नर साडेतीन, साडेचार वर्षांपर्यंत पोचतो.

तिसरी गोष्ट बाहेरच्या शिकाऱ्यांवरची मर्यादा. परराज्यातल्यांना नर मारता येईल असे टॅग साधारण ६,००० च मिळतात आणि तेही सोडतीने. दक्षिणेच्या झोनमध्ये धनुष्यबाणाचा टॅग मिळायला काही वर्षं प्रेफरन्स पॉइंट (सोडतीत प्राधान्य देणारे गुण) जमवावे लागतात. पुढे कधीतरी जायचं असेल तर आजपासून दरवर्षी पॉइंट घेत राहा. वर्ष चुकलं की रांगेत मागे पडता.

७. रेकॉर्ड पुस्तकात विस्कॉन्सिन सर्वांत वर आहे, मग तेच सर्वोत्तम नाही का?

एकूण नोंदींत विस्कॉन्सिन आघाडीवर आहे, आणि त्यातही मिसिसिपीकाठची बफेलो काउंटी प्रसिद्ध आहे. तो भाग हिमनद्यांनी सपाट न केलेल्या ड्रिफ्टलेस प्रदेशात येतो: वर मक्याची शेतं, उतारांवर ओक, खाली ओढे. शेजारच्या मिनेसोटाचा आग्नेय आणि आयोवाचा ईशान्य कोपराही त्याच प्रदेशातला.

पण एकूण नोंदी पाहून राज्यांची तुलना करू नका. नोंदींची संख्या चार गोष्टींनी फुगते: क्षेत्रफळ, शिकाऱ्यांची संख्या, किती वर्षांचा इतिहास मोजला आहे, आणि लोक शिंगं मोजायला नेतात की नाही. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात पाच लाखांहून जास्त माणसं रानात असतात. टेक्सासचं क्षेत्रफळ आयोवाच्या जवळजवळ पाचपट आहे. म्हणून तुलना करायची ती अशी:

काउंटीनिहाय नोंदी घ्या, राज्यनिहाय नाही. फक्त गेल्या दहा वर्षांच्या घ्या. काउंटीच्या क्षेत्रफळाने भागा. मग तिथल्या वन्यजीव खात्याच्या वार्षिक अहवालात मारलेल्या नरांपैकी दीड वर्षाचे किती टक्के, ते पाहा. शेवटचा आकडा सर्वांत बोलका. तो निम्म्याच्या आसपास असेल तर तिथे नर म्हातारे होऊ दिले जात नाहीत, मग जुनी नोंद कितीही मोठी असो.

८. इलिनॉय, मिसूरी, कॅन्सस, ओहायो, इंडियाना, केंटकी यांत फरक काय?

माती सगळीकडे चांगली आहे, फरक नियमांचा आहे.

इलिनॉयचा पश्चिम भाग, पाइक काउंटी आणि आसपास, जमिनीच्या दृष्टीने आयोवाच्या तोडीचा आहे. १९६५ साली पिओरिया काउंटीत मेल जॉन्सन यांनी धनुष्यबाणाने मारलेला २०४ ४/८ चा टिपिकल नर अजून पोप अँड यंगच्या वरच्या पायरीवर आहे. पण तिथे बंदुकीचा पहिला हंगाम नोव्हेंबरमध्येच येतो आणि चांगली जमीन बहुतेक आउटफिटरांनी भाड्याने धरलेली आहे.

मिसूरीत टॅग दुकानात मिळतो, सोडत नाही. मात्र रायफलीचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर, ऐन माजात, उघडतो. राज्य मोठे नर देऊ शकतं, पण त्यातले बरेच साडेतीन वर्षांच्या आतच जातात.

कॅन्ससमध्ये रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या बुधवारी सुरू होतो, म्हणून नरांना वय मिळतं. परराज्यातल्यांना एप्रिलमध्ये अर्ज करून सोडतीत नंबर लागावा लागतो. रान उघडं, वारा सतत. नवख्याला जड जातं.

ओहायो आणि केंटकीत वर्षाला एकच नर मारता येतो. इंडियानाने हा नियम २००२ मध्ये आणला आणि मोठ्या नरांच्या नोंदी त्यानंतर वाढल्या. एक नर मारला की हंगाम संपला, म्हणून माणूस लहान नरावर बाण सोडत नाही. ओहायोत टॅग दुकानात मिळतो आणि बंदुकीचा मुख्य आठवडा माज ओसरल्यावर, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. आयोवाची रांग नको असेल त्याने इथे बघावं.

९. दक्षिण टेक्सास आणि मध्य-पश्चिम यांची तुलना कशी करायची?

नियमच वेगळे आहेत. दक्षिण टेक्सासचं काटेरी रान, म्हणजे वेब, डिमिट, ला साल, मॅव्हरिक या काउंट्या, पावसावर चालतं. हिवाळ्या-वसंतात पाऊस झाला तर रानातल्या पाल्यात प्रथिनं भरपूर, शिंगं जोरदार. दुष्काळ पडला तर त्याच नराची शिंगं आदल्या वर्षापेक्षा कमी भरू शकतात. मध्य-पश्चिमेत सोयाबीन आणि मका वर्षागणिक एवढे डगमगत नाहीत.

टेक्सासची ताकद वयात आहे. हजारो एकरांची खासगी रँच, मोजके शिकारी, आणि कोणता नर कोणत्या वर्षी मारायचा यावर मालकाचं नियंत्रण. त्यामुळे साडेसहा वर्षांचे नर तिथे नवलाचे नाहीत. अंगाने ते मध्य-पश्चिमेपेक्षा लहान, म्हणून शिंगं डोक्यावर प्रत्यक्षाहून मोठी दिसतात, अंदाज चुकतो.

सगळा टेक्सास एक समजू नका. मधला हिल कंट्रीचा पट्टा, लानो काउंटीसारखा, हरणांनी गजबजलेला आहे, पण खडकाळ उथळ माती आणि गर्दी यामुळे नर बारीक. माजही वेगळा: दक्षिण टेक्सासात तो डिसेंबरच्या मध्यानंतर येतो, तेव्हा नोव्हेंबरची सुट्टी तिथे वाया जाते.

१०. जागतिक विक्रम सस्कॅचवानचा आहे. मग सगळे तिकडे का जात नाहीत?

थंड प्रदेशात हरणाचं अंग मोठं होतं, आणि मोठ्या अंगावर जाड दांडे पेलतात. प्रेअरीच्या शेतांमधल्या झाडीच्या बेटांत खाणं चांगलं, शिकारी कमी. पण कडक हिवाळा हरणांची संख्या खाली आणतो, आणि माजानंतर खंगलेले प्रौढ नर त्यात आधी जातात. एका वाईट हिवाळ्याचा खड्डा भरायला वर्षं लागतात.

दुसरी अडचण परवान्याची. कॅनडाबाहेरच्या शिकाऱ्याला आउटफिटर घ्यावाच लागतो, आणि सस्कॅचवानमध्ये त्याला उत्तरेच्या जंगल पट्ट्यातच शिकार करता येते. बिगरसारखा शेतीचा पट्टा स्थानिकांसाठी राखीव आहे. म्हणजे विक्रमाचा प्रदेश आणि तुम्हाला मिळणारा प्रदेश एक नाही. उत्तरेत हरणं विरळ. आमिषाजवळच्या मचाणावर दिवसभर शून्याखाली वीस अंशांत बसायची तयारी हवी. अल्बर्टात हरणासाठी आमिष चालत नाही.

११. दक्षिणेकडच्या राज्यांत हरणं भरपूर दिसतात, मग शिंगं लहान का?

माती आणि गर्दी. आखाताच्या आणि अटलांटिकच्या किनारपट्टीची वाळूमिश्रित, धुतलेली माती आणि पाइनची लागवड यातून प्रथिनं आणि फॉस्फरस कमी मिळतात. त्याच राज्यात मिसिसिपी नदीच्या गाळाच्या मैदानातले नर स्पष्ट मोठे असतात.

हे वाणामुळे आहे का, यावर मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीने चांगलं काम केलं आहे. वेगवेगळ्या मातीच्या प्रदेशांतली हरणं आणून सर्वांना सारखा, २० टक्के प्रथिनांचा आहार दिला. पहिल्या पिढीत निकृष्ट मातीच्या प्रदेशातले नर अजूनही लहानच राहिले. दुसऱ्या पिढीत, म्हणजे ज्यांच्या आयाही चांगल्या खाण्यावर वाढल्या होत्या त्यांच्यात, अंतर जवळजवळ भरून निघालं. याचा अर्थ आईचं पोषण पाडसाच्या शिंगांपर्यंत पोचतं. आणि व्यवहारात याचा अर्थ असा की यंदा खाणं सुधारलं तर फळ पुढच्या वर्षी मागू नका. एक पिढी जाऊ द्या.

१२. पेनसिल्व्हेनियासारख्या पूर्वेच्या राज्यांत "किमान फाटे" अट आहे. तिचा उपयोग होतो का?

वय वाढवायला होतो. मिसिसिपीने १९९५ मध्ये राज्यभर ही अट आणली, पेनसिल्व्हेनियाने २००२ मध्ये. पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक भागात एका बाजूला किमान ३ फाटे लागतात. दीड वर्षाचे बरेच नर त्यातून सुटतात आणि अडीचचे होतात.

मर्यादा ही की अट वय मोजत नाही, फाटे मोजते. सुपीक भागात दीड वर्षाचा उत्तम नर आठ फाट्यांसह फिरतो आणि मारला जातो, त्याच्याच वयाचा खुरटा वाचतो. मिसिसिपीत हा परिणाम अभ्यासात दिसला आणि पुढे तिथे फाट्यांऐवजी आतलं अंतर आणि दांड्याची लांबी हे निकष आले. अडीच वर्षांचा नर तर या अटीतून जवळपास कधीच सुटत नाही, म्हणून फक्त अटीवर १६० चे नर तयार होत नाहीत.

१३. चांगल्या वाणाचा नर आणून सोडला, किंवा निकृष्ट नर मारून टाकले, तर वाण सुधारतं का?

मोकळ्या रानात नाही. बहुतेक राज्यांत हरणं आणून सोडणं बेकायदेशीर आहे, आणि रोगाच्या दृष्टीने घातक (प्रश्न १८). निवडक मारण्याचंही तेच. दक्षिण टेक्सासमधल्या एका मोठ्या रँचवर अनेक वर्षं, हेलिकॉप्टरने जाळी टाकून पकडून, कमी गुणांचे नर कडकपणे काढले गेले. वाणात मोजता येईल अशी सुधारणा झाली नाही. उलट नरच कमी झाले.

कारणं साधी आहेत. निम्मं वाण मादीकडून येतं आणि तिच्या डोक्यावर काही दिसत नाही. तरुण नर हद्द सोडून दूर जातात, बाहेरचे येतात. आणि दीड वर्षाच्या वयात सरळ काट्यासारखी शिंगं असलेला नर उशिरा जन्मलेला असू शकतो. साडेचारला तो चांगला निघतो.

१४. २५० गुणांचे नर जाहिरातीत दिसतात, ते कुठले?

बहुधा उंच कुंपणातले आणि पैदास केंद्रातले. तिथे निवडक जोड्या, कृत्रिम रेतन, वर्षभर प्रथिनांचा खुराक. बून अँड क्रॉकेट आणि पोप अँड यंग दोन्ही क्लब कुंपणातला नर स्वीकारत नाहीत. प्रदेशांची तुलना करताना हे आकडे बाजूला ठेवा. त्यातून तिथल्या मातीबद्दल काहीच कळत नाही. पैसे भरण्याआधी "लो फेन्स की हाय फेन्स" हे लेखी विचारा.

१५. माझ्याकडे ८० एकर जमीन आहे. ट्रॉफी नर तयार करता येईल?

एकट्याने नाही. प्रौढ नर साधारण एका चौरस मैलात, म्हणजे ६४० एकरांत फिरतो. तुमच्या ८० एकरांत तो काही तास असतो. म्हणून पहिलं काम शेजाऱ्यांशी बोलणं: साडेतीनच्या आतला नर कोणी मारायचा नाही, एवढं ठरलं तरी पुष्कळ.

जमिनीवर करायचं ते या क्रमाने. आधी माती तपासा. सामू (पीएच) ६ च्या खाली असेल तर बी पेरण्याआधी चुना टाका, कारण आम्ल मातीत खताचा मोठा भाग फुकट जातो. पांढरा क्लोव्हर एकरी ३ ते ४ किलो, बियाण्याला रायझोबियम जिवाणू चोळून. हे वसंत-उन्हाळ्याचं प्रथिन. टर्निप वगैरे कोबीवर्गीय पिकं एकरी २ किलो, उत्तरेत जुलै अखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला. इथे लोक हमखास बी जास्त टाकतात. रोपं दाटतात, पिवळी पडतात, बोटभर वाढून थांबतात.

पेरल्या दिवशीच मधोमध चार फूट उंच तारेचा एक गोल पिंजरा ठोका. सहा आठवड्यांनी पिंजऱ्याच्या आतलं पीक गुडघ्याला लागतं आणि बाहेरचं जमिनीलगत कुरतडलेलं दिसलं, तर अडचण बियाण्याची नाही, हरणांच्या संख्येची आहे. मग माद्यांचे टॅग वापरा. खाणारी तोंडं कमी केल्याशिवाय दुसरा उपाय चालत नाही.

एक तृतीयांश जागा पूर्ण बंद ठेवा, तिथे तुम्हीही जायचं नाही. छोट्या जमिनीवर प्रौढ नर टिकतो तो याच भरवशावर. खनिजाचे चाटण-दगड शेवटी, आणि तेही राज्यात परवानगी असेल तरच.

१६. लांबून वय कसं ओळखायचं?

शिंगं पाहू नका, अंग पाहा. दीड वर्षाचा नर म्हणजे शिंगं लावलेली मादी: बारीक मान, लांब पाय. अडीचला पाय अजून लांबच वाटतात, पोट आत. साडेतीनला छाती भरते पण कंबर शर्यतीच्या घोड्यासारखी आवळलेली. इथेच सर्वांत जास्त चुका होतात, कारण नर "तयार" दिसतो. साडेचारला मान खांद्यात मिसळते. साडेपाचच्या पुढे छाती आणि पोट एका रेषेत, पाठ किंचित खोलगट, पाय आखूड वाटतात. हे माजाच्या आधी, ऑक्टोबरमधल्या फोटोंवर ठरवा; माजात प्रत्येक मान सुजलेली असते. मारल्यानंतर खालच्या जबड्यातल्या दाढांची झीज पाहून खात्री करा आणि जबडा तारीख लिहून ठेवा.

१७. चांगल्या म्हणून गाजलेल्या काउंटीत अचानक काहीच का दिसत नाही?

बहुधा रक्तस्रावी ज्वर, ईएचडी. चिलटांसारख्या सूक्ष्म माश्यांमधून पसरतो. उन्हाळ्याच्या शेवटी दुष्काळात डबकी आटतात, चिखल उघडा पडतो, माश्या वाढतात. मेलेली हरणं पाण्याकाठी सापडतात. २०१२ च्या दुष्काळात मध्य-पश्चिमेत मोठी साथ आली होती. पहिल्या कडक थंडीने ती थांबते. एखाद्या काउंटीत साथ येऊन गेली असेल तर साडेचार वर्षांचे नर पुन्हा दिसायला तेवढीच वर्षं धरा. बुकिंगआधी मागच्या तीन वर्षांची माहिती खात्याकडून घ्या.

१८. सीडब्ल्यूडी असलेल्या प्रदेशात जावं का? मांस खावं का?

सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा प्रायॉनमुळे, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे, हरणांना होणारा मेंदूचा रोग. १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला, विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली आढळला. उपाय नाही, लस नाही, आणि प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं टिकतो. बाधित नर म्हातारा होण्याआधीच जातो, त्यामुळे प्रादुर्भाव जिथे वाढला तिथे ट्रॉफीच्या वयाचे नर आधी कमी होतात.

माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी अमेरिकेची सीडीसी संस्था बाधित हरणाचं मांस खाऊ नका असं सांगते. बाधित भागात मारलेलं प्रत्येक हरीण तपासा, निकाल येईपर्यंत मांस वेगळं बांधून ठेवा. मेंदू आणि पाठीचा कणा कापू नका. राज्याबाहेर नेताना हाडं काढलेलं मांस आणि पूर्ण साफ केलेली कवटीची पट्टीच न्या. अख्खं धड नेणं बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे.

१९. टेक्सासमध्ये आपलं चितळ आहे म्हणतात, त्याचा व्हाइटटेलवर परिणाम होतो?

होतो. १९३२ मध्ये तिथे चितळ आणलं गेलं आणि आज हिल कंट्रीत ते मोकळं फिरतं. व्हाइटटेल प्रामुख्याने पाला आणि कोवळ्या वनस्पती खातं. चितळ तेही खातं आणि ते संपलं की गवतावर जगतं. दुष्काळात व्हाइटटेल हरतं. चितळ वाढलेल्या रँचवर व्हाइटटेलच्या शिंगांची अपेक्षा कमी ठेवा.

२०. मी एच-१बी वर आहे. मला बंदुकीने शिकार करता येईल का?

नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला सर्वसाधारण बंदी आहे. त्याला असलेल्या सवलतींपैकी एक: अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स. म्हणून आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग बंदुकीला हात. मित्राची बंदूक "फक्त धरून बघणं" हेही त्या बंदीतच येतं. लायसन्सची मुदत संपली की सवलतही संपते. ग्रीन कार्डधारकाला ही अडचण नाही. धनुष्यबाणाला हा कायदा लागू नाही. राज्याचे नियम वेगळे असू शकतात, आणि स्वस्तात टॅग मिळावा म्हणून खोटा रहिवास दाखवू नका. परवाना जातो आणि व्हिसावरही बालंट येऊ शकतं.

भारतातून पाहुणे येणार असतील तर त्यांनाही हेच नियम. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे, त्यामुळे डोकं किंवा शिंगं तिकडे पाठवायचा विचार असेल तर आधी आयातीचे नियम तपासा.

२१. ॲरिझोनातला ११० चा नर ट्रॉफी कसा? आणि फिनलंडमध्येही व्हाइटटेल आहे का?

ॲरिझोना आणि मेक्सिकोच्या सोनोरातला कूझ हा लहान चणीचा उपप्रकार आहे, वजन सुमारे ४५ किलो. त्याचा वर्ग वेगळा आणि टिपिकलची कायमची मर्यादा ११०. त्याला मध्य-पश्चिमेच्या आकड्यांशी ताडू नका. फ्लोरिडाचं की डिअर त्याहून लहान आणि पूर्ण संरक्षित आहे. फिनलंडमध्ये १९३४ साली मिनेसोटाहून मोजकी हरणं नेली होती. आज ती तिथली महत्त्वाची शिकार आहे. न्यूझीलंडच्या स्टीवर्ट बेटावरही आहेत.

२२. मेलेला नर किंवा गळलेली शिंगं सापडली तर रेकॉर्डमध्ये जातात का?

मेलेला नर जातो. मिसूरीचा ३३३ ७/८ चा आणि ओहायोत १९४० मध्ये सापडलेला ३२८ २/८ चा, दोन्ही तसेच सापडलेले आहेत. पण उचलण्याआधी वन्यजीव अधिकाऱ्याला फोन करा. बहुतेक राज्यांत लेखी परवानगीशिवाय डोकं बाळगता येत नाही.

गळलेली शिंगं नोंदीत जात नाहीत, कारण कवटीशिवाय आतलं अंतर ठरवता येत नाही. त्याच कारणाने कवटी मधोमध चिरलेली असेल तर मारलेला नरही बाद होतो. मोठा नर मिळाला तर कवटीची पट्टी कापताना करवत दोन शिंगांच्या मधून कधीही चालवू नका. डोळ्यांच्या मध्यापासून मागे, दोन्ही शिंगं एकाच तुकड्यावर राहतील असा काप घ्या.